डाव्या हातांची यादी

पूर्व उपनगरातल्या त्या पालिका इस्पितळात कान-नाक-घसा विभागाच्या मागे, एक्स-रेच्या काळोख्या खोलीला लागून, आणखी एक खोली होती. तिच्या दारावर 'वाचा-उपचार विभाग' अशी पाटी होती, आणि विभाग म्हणजे पेट्रिशिया मिस्किटा ही एकटी बाई होती. तोतरे, बोबडे, बहिरे, दुभंगलेल्या टाळूचे, अर्धांगाच्या झटक्याने जीभ जड झालेले असे सगळे तिच्या वाट्याला येत. वाचा म्हणजे जीभ, अशी १९८६ साली मुंबईतल्या शिकल्यासवरल्या माणसांची ठाम समजूत होती. जिभेच्या मागे कवटीत जे काही असते त्याच्याशी या बाईचा संबंध काय, हे खुद्द तिच्या विभागप्रमुखालाही सांगता आले नसते. वरिष्ठांना आपले काम कळत नाही, याचे तिने पहिली दोन वर्षे दुःख केले. पुढे त्याचे फायदे तिच्या लक्षात आले.

शुभा मेस्त्री तिच्याकडे आली ती याच समजुतीच्या कृपेने. भटवाडीतल्या शारदोपासक विद्यालयाने चिठ्ठी देऊन तिला धाडले होते : 'इयत्ता पाचवी. प्रकट वाचनात फार अडखळते. तोतरेपणाचा इलाज व्हावा.' चुकीचे निदान घेऊन बरोबर दारात येण्याचे भाग्य फार थोड्या रोग्यांना लाभते. शुभाला ते लाभले.

कारण शुभा तोतरी नव्हतीच. दहा वर्षांची ही मुलगी स्टुलावर बसल्या बसल्या दशावतारातला संकासुर आणि त्याला धमकावणारा देव, दोघांचेही आवाज काढून दाखवी. गावच्या जत्रेत दोनदा पाहिलेले नाटक तिला अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ होते. मग पेट्रिशियाने तिला एक साधा प्रश्न विचारला.

"'कमळ' म्हण."

"कमळ."

"आता त्यातला 'क' काढून टाक. काय उरलं?"

शुभाने छताकडे बघत बराच वेळ विचार केला. मग तिचा चेहरा उजळला.

"चिखल!"

पेट्रिशियाने त्या दिवशी वहीत फक्त एवढाच शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मुलीला कमळ कळत होते, तळे कळत होते, कमळ उपटले की मागे काय उरते तेही कळत होते. एक शब्द म्हणजे एकामागून एक ओवलेले ध्वनी असतात, ही गोष्ट तेवढी तिच्या गावी नव्हती. आणि ज्याला शब्दाची वीण उसवता येत नाही, त्याच्यापुढे बाराखडीचा तक्ता टांगणे म्हणजे बिनखुंटीच्या भिंतीवर शर्ट अडकवणे. वाचन डोळ्यांनी होते, असे डोळस लोक समजतात. ते आधी कानात होते. कानात झाले नाही तर कागदावर कधीच होत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात आणि त्यावर इलाज आहे, हे पेट्रिशियाने परदेशातून उशिरा येणाऱ्या नियतकालिकांत वाचले होते. मराठी मुलांसाठी चाचण्या कोणी केलेल्या नव्हत्या, म्हणून तिने त्या स्वतः केल्या. साधने तिने बांगडीवाल्याकडून घेतली. एक ध्वनी, एक काकण. 'क' हिरवे, 'म' लाल, 'ळ' पिवळे. शब्द मांडायचा, एक काकण उचलायचे, उरलेला शब्द बोलायचा. दर शुक्रवारी पाऊण तास. चार महिन्यांत शुभा तीन काकणांच्या शब्दांपर्यंत आली होती आणि 'नळ', 'घर', 'बस' हे शब्द कागदावर ओळखू लागली होती. चार महिन्यांत तीन शब्द, असे एखाद्या इन्स्पेक्टराने म्हटले असते. पाच वर्षांत एकही नाही, हा आकडा मात्र शाळेला कोणी विचारला नव्हता.

दुसरी एक अडचण होती. 'डावा' आणि 'उजवा' हे शब्द ऐकले की शुभाची धांदल उडे. जेवताना ती कधी चुकत नसे, पण नाव ऐकून हात शोधायचा म्हटले की तिचा कौल निम्म्या वेळा उलटा लागे. पेट्रिशियाने तिच्या डाव्या मनगटाला काळा दोरा बांधला. "दोरा तो डावा. एवढंच लक्षात ठेव. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल." मुलीच्या आईला, जानकीला, तो दृष्टीचा दोरा वाटला, आणि पेट्रिशियाने तिचा गैरसमज दूर केला नाही. श्रद्धेने का होईना, दोरा जागेवर राहणार होता.

शाळेला तिने चार पत्रे लिहिली. या मुलीची बुद्धी उत्तम आहे, तिला वर्गापुढे वाचायला उभे करू नये, धडे तोंडी विचारावेत, मनगटावरचा दोरा उपचाराचा भाग असल्याने काढू नये. एकाचेही उत्तर आले नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी जानकी मुलीला घेऊन आली ती वेळेच्या तासभर आधी. ती विक्रोळीच्या एका औषधकंपनीत बाटल्यांना लेबले चिकटवण्याचे काम करी. नवरा, धोंडू, गिरणीच्या संपानंतर त्याच बाजूच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागला होता. जानकी एरवी दार ढकलायच्या आधी पदर सावरून घेई. आज तिने तो सावरला नव्हता. तिने टेबलावर दोन कागद ठेवले.

"शाळेन दिल्यानी. सोमवारपर्यंत यातल्या एकावर सही करून हाडा म्हणतत. दोन्ही माका वाचूक येत नाय, पण शिपायान वाचून दाखवल्यान." तिने एका कागदावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर. "डाक्टरीणबाई, तुमी सांगा. दोघांतलो खंयचो बरो?"

पेट्रिशियाने कागद वाचले. पहिल्यात लिहिले होते की विद्यार्थिनीने शिक्षण निरीक्षकांचा भरवर्गात उपमर्द केल्यामुळे 'वर्तन असमाधानकारक' या शेऱ्यासह तिला शाळा सोडल्याचा दाखला देण्यास पालकांची हरकत नाही. दुसऱ्यात लिहिले होते की आमची पाल्या मतिमंद असल्याने तिला तशा मुलांच्या शाळेत घालण्याची आमचीच इच्छा आहे, तरी शेऱ्याविना दाखला मिळावा. दुसऱ्या कागदाखाली इस्पितळाच्या शिक्क्यासाठी जागा सोडलेली होती. बदमाश किंवा मंद. शाळेजवळ दोनच खण होते आणि सोमवारपर्यंत मुलीला त्यांपैकी एकात कोंबायचे होते. पहिला शेरा पाहून दुसरी कुठलीही शाळा तिला घेणार नव्हती. दुसऱ्या कागदावर सही झाली तर तिला कोणी पुन्हा वाचायला शिकवणारच नव्हते.

"बरा यातला कुठलाच नाही, जानकीताई. सही करू नका. आंगठाही नको. काय झालं तिथे?"

"माका काय म्हायत! सायबाची मस्करी केलान म्हणतत. माझा चेडू मस्करी करूचा नाय ओ, ता भियाता सायबांका."

काय झाले ते शुभाने सांगितले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. साहेब आले. सरांनी तिला उभे केले. साहेब म्हणाले, पुस्तक नको, हे वाच, आणि एक छापील कागद तिच्या हातात दिला.

"मग?"

"मग मी वाचलं. अकरावा धडा. मधमाशीचा. पूर्ण वाचला, बाई, एक पण चूक नाय."

"पण कागद कशाचा होता?"

शुभाने खांदे उडवले. "बारीक अक्षरांचा."

पेट्रिशियाची नजर मुलीच्या मनगटाकडे गेली. दोरा नव्हता.

"दोरा कुठे गेला गं?"

"सरांनी कापला. सगळ्यांचे कापले. साहेब येणार म्हणून."

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती. पेट्रिशिया मरोळहून बसने घाटकोपरला आली, तिथून भटवाडीचा चढ चढून शारदोपासक विद्यालयात पोहोचली. जानकी आणि शुभा फाटकाशीच उभ्या होत्या. शुभाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून दोघी आत गेल्या.

मुख्याध्यापक भाऊराव दातीर हे विद्येचे उपासक होते आणि उपासकाप्रमाणेच विद्येपासून आदराने दूर राहत. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात ग्रंथ होते, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली कुठे असते हे कोणाला ठाऊक नव्हते. टेबलावर सरस्वतीची मूर्ती होती. भिंतीवर शाळेला मिळालेले गौरवपत्र होते. शेजारच्या खुर्चीवर शुभाच्या वर्गशिक्षिका, सुलक्षणाबाई, नोकरीत दोनच वर्षे झालेली बाई, हातातल्या रुमालाच्या घड्या घालीत बसल्या होत्या.

"या, या, मिस्किटाबाई," भाऊराव म्हणाले. "नाव वाचून मला वाटलं, आता इंग्रजी झाडावं लागणार. छान बोलता हो मराठी तुम्ही!"

"सात पिढ्या मरोळला भात लावतोय आम्ही. भाताला इंग्रजी येत नाही."

भाऊराव मोठ्याने हसले आणि हसता हसताच त्यांनी विषयाला हात घातला. "शिक्का आणलात का इस्पितळाचा? मी म्हटलं, गरिबाची पोर आहे, दाखल्यावर शेरा कशाला मारा. दुसरा कागद मी केवळ दयेपोटी टाइप करून घेतला."

"ही मुलगी मतिमंद नाही."

"मग ती बदमाश आहे."

"बदमाशही नाही."

"मग आहे तरी काय?" भाऊरावांनी सुलक्षणाबाईंकडे पाहिले, जणू तिसरा प्रकार असल्याचे शाळेला आधीच कळवायला हवे होते. "आणि माफ करा, तुमचा इथे संबंध काय? तुम्ही वाचेच्या डॉक्टर. ही तर पोपटासारखी बोलते. आमची तक्रार वाचनाची आहे!"

ज्या समाजाने शतकानुशतके सगळी विद्या तोंडात जपली, मुखोद्गत केली, शिष्याच्या कानात ओतली, आणि लिहिणाऱ्याला कारकुनाच्या ओळीत बसवले, त्याच समाजातला एक शिक्षक बोलण्याचा आणि वाचण्याचा संबंध काय, असे विचारीत होता. पेट्रिशियाने यातले काही बोलून दाखवले नाही. ती एवढेच म्हणाली, "मी तुम्हाला चार पत्रं लिहिली होती. त्यात हा संबंध लिहिला आहे."

"पत्रं आली असतील तर फायलीला असतील. भीमराज! इस्पितळाची फाइल काढ रे."

शिपाई भीमराजने फाइल आणून ठेवली. चारही पत्रे तिच्यात होती. चारही लिफाफ्यांवर 'आवक' असा जांभळा शिक्का होता, क्रमांक होता, तारीख होती, बारनिशीत नोंद झाल्याची खूण होती. चारही लिफाफे चिकटवलेल्या अवस्थेत जसेच्या तसे होते.

"बघा," भाऊराव समाधानाने म्हणाले. "आमच्याकडे कागद गहाळ होत नाही."

भीमराज दारातच थांबला होता. न उघडलेल्या लिफाफ्यांकडे आणि मग जानकीकडे बघून तो गालातल्या गालात हसला, पण जानकीने त्याच्याकडे बघितलेच नाही.

"त्या दिवशी काय घडलं ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे," पेट्रिशिया म्हणाली.

भाऊरावांना सांगायचेच होते. गेले चार दिवस ते भेटेल त्याला सांगत होते. आठवीच्या वर्गाची मान्यता या तपासणीवर अवलंबून होती. महिनाभर तयारी चालली होती. भिंती रंगवल्या, फलक लिहिले, शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोन दिसावा म्हणून आदल्या दिवशी सर्व मुलांच्या मनगटांवरचे गंडेदोरे त्यांनी स्वतःच्या हाताने कात्रीने कापले. साहेब पाचवीत आले आणि म्हणाले, कोण वाचून दाखवील? झाडून सगळ्या वर्गाने हात वर केले, अहाहा, काय दृश्य होते ते! मुलाची निवड खुद्द भाऊरावांनी केली. साहेबांनी स्वागतपत्रिकेचा कागद पुढे केला. तो भाऊरावांनी स्वतः लिहिलेला होता, त्यात संस्थेचा इतिहास होता. आणि ही कार्टी त्या कागदावर बोट ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली...

"काय म्हणाली?"

उत्तर सुलक्षणाबाईंनी दिले, रुमालाकडे बघत. "'पोळ्यात नर काहीच काम करत नाहीत. ते नुसते बसून खातात.' अकराव्या धड्यातलं वाक्य आहे. तिचं बोट तेव्हा सरांच्या नावाखाली होतं."

जानकीने तोंडाला पदर लावला. तो कशासाठी लावला, हे पेट्रिशियाने पाहिले नाही, असे तिने ठरवले.

"साहेब हसले!" भाऊराव कडाडले. "माझ्या शाळेत, माझ्यासमोर! आणि तुम्ही म्हणता बदमाश नाही?"

"पण हिला वाचता येत नाही, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक होतं. तुम्ही नेमकं हिलाच का उभं केलंत?"

"मला काय ठाऊक, कोणाला येतं न् कोणाला नाही! अडीचशे पोरं आहेत माझ्याकडे. तिने उजवा हात वर केला होता!"

सुलक्षणाबाईंच्या हातातला रुमाल थांबला.

"उजवा हात?"

"अहो, साधी पद्धत आहे." भाऊरावांच्या रागाला आता उतार होता आणि ते त्यावरून आपोआप घसरत होते. "साहेब काही विचारतील तेव्हा सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. उजव्यातलाच निवडायचा. शेंबडं पोर करील! महिनाभर रोज सराव घेतला. आणि ही? जाणूनबुजून उजवा! मला खड्ड्यात घालायचं म्हणूनच!"

पेट्रिशियाने पिशवीतून इस्पितळाचे छापील कागद काढले, पेनाचे टोपण उघडले आणि लिहायला सुरुवात केली. ती लिहिताना मोठ्याने म्हणत होती, तिच्या रोग्यांसाठी म्हणत असे तसे, सावकाश, शब्द सुटे करून.

"'विद्यार्थिनीला... उजवा-डावा... नावावरून ओळखता येत नाही. त्यासाठी तिच्या डाव्या मनगटावर... उपचाराचा दोरा बांधला होता. तो मुख्याध्यापकांनी... स्वतः कापला. शाळेच्या पद्धतीनुसार... निरीक्षकांसमोर... वाचता न येणाऱ्या मुलांनी...'"

"हे काय लिहिताय?"

"अहवाल. मतिमंदतेचा दाखला मागितलात तर आधी घटनेचा अहवाल लागतो. एक प्रत शाळेला, एक इस्पितळाला, एक शिक्षण निरीक्षकांच्या कचेरीला."

असा काही नियम नव्हता. पण न वाचणाऱ्या माणसाला कोणताही नियम सांगता येतो.

भाऊराव खुर्चीत मागे रेलले, मग पुढे झुकले, मग त्यांनी सरस्वतीची मूर्ती उगाचच अर्धा इंच सरकवली. त्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "बाई, हे सगळं इतक्या तपशिलात... म्हणजे पद्धत वगैरे... घालायलाच हवं का? मान्यतेचा कागद अजून साहेबांच्या टेबलावर आहे."

"घटना लिहायची तर कारण लिहायला हवं."

"घटनाच घडली नाही असं समजलं तर?"

इथवर येऊन पेट्रिशियाच्या हातातले पेन थांबले. ही भाषा तिच्या ओळखीची होती. लहानपणी मरोळला तलाठी यायचा, तेव्हा तिचा बाप, मॅथ्यू, असाच ओट्यावर बसून ऐकायचा आणि शेवटी याच मऊ आवाजात काही तरी न घडल्याचे ठरायचे. बाप घरात येऊन जेवायचा नाही. ती त्याच्यावर मनातून फार चिडायची. आपण असल्या तडजोडीला कधी हात लावणार नाही, असे तिने तेव्हा ठरवले होते. सोळाव्या वर्षी ते ठरवणे सोपे होते. तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर कोणी मांडीखाली हात दाबून बसलेले नव्हते.

"तर दोन्ही कागद फाडा," ती म्हणाली. "आता. आमच्यासमोर."

भाऊरावांनी ते फाडले. जानकीने तुकडे मोजून घेतले आणि ओच्यात बांधले, वाऱ्यावर सोडले तर ते परत जुळतील अशी तिला धास्ती असावी.

"आणि माझं पत्र वाचा. पहिलंच. मोठ्याने वाचा."

"आत्ता?"

"प्रकट वाचन. तुमच्या शाळेत ते घेतात ना?"

भाऊरावांनी लिफाफा फाडला, चष्मा चढवला आणि वाचले. त्यांचे वाचन अप्रतिम होते. स्वल्पविरामावर ते किंचित थांबत, पूर्णविरामावर नीट थांबत, जोडाक्षरे ठसठशीत उच्चारीत. एकही चूक झाली नाही.

"काय लिहिलंय त्यात?" पेट्रिशियाने विचारले.

"हेच की... मुलीसाठी तुम्हाला सवलत हवी आहे."

पाचवीतल्या मुलीला डोळ्यांपुढचा शब्द कानात आणता येत नव्हता. या गृहस्थांना कानातला शब्द पुढे कुठेच नेता येत नव्हता. पेट्रिशियाच्या नियतकालिकांत पहिल्या व्याधीवर उपचार दिलेले होते. दुसरीचा तिथे उल्लेखही नव्हता. बहुधा तिच्यामुळे कोणी शाळेबाहेर पडत नसावे. ती असलेले लोक शाळा चालवतात.

"सुलक्षणाबाई," ती वळून म्हणाली, "सराव तुम्ही घेत होतात?"

"हो. सरांनी सांगितलं होतं."

"डावे हात किती होते?"

सुलक्षणाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "एकवीस. शुभा धरून." आणि मग, कोणी विचारले नसताना : "नावं आहेत माझ्याकडे. रोज खूण करत होते मी, चुकून कोणी उजवा करू नये म्हणून."

एक्कावन्न मुलांचा वर्ग. महिनाभर रोज मुलांना विचारले गेले होते, तुला येते की येत नाही, आणि महिनाभर रोज त्यांनी हात वर करून खरे सांगितले होते. उपनगरात कुठल्याही तज्ज्ञाने इतकी अचूक चाळणी लावली नसती. शाळेने वाचता न येणारे प्रत्येक मूल शोधले होते, नावानिशी नोंदले होते, आणि या शोधाचा तिने एकच उपयोग केला होता, तो म्हणजे साहेबांची नजर या मुलांवर पडू नये. आपण काय केले आहे, हे शाळेला उभ्या जन्मात कळले नसते. भाऊरावांनी कीर्तनकाराच्या श्रद्धेने फसवणूक केली होती, आणि तिच्या पोटी निव्वळ अपघाताने विद्या जन्माला आली होती.

"ती यादी मला द्या," पेट्रिशिया म्हणाली. "आणि मंगळवारी दुपारी एक खोली. दर मंगळवारी. या एकवीस जणांना कोणी वर्गात वाचायला उभं करणार नाही. धडे तोंडी विचारायचे. वर्षअखेरीला यांच्यातल्या कुणाचाही दाखला निघाला, तर आज न घडलेली घटना घडली आहे, असं मला आठवेल."

"एकवीस?" भाऊराव कळवळले. "बोलणं एकीचं चाललं होतं!"

"वीस डाव्या हातांची तुम्ही सोय करून ठेवलीत, सर. माझे श्रम वाचवलेत."

खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. अहवाल पेट्रिशियाने त्याच रात्री पुरा केला : विद्यार्थिनीला वाचनाची अडचण, बुद्धी उत्तम, उपचार चालू, शाळेचे सहकार्य आहे. तपासणीच्या दिवसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. 'शाळेचे सहकार्य आहे' या तीन शब्दांवर तिने बराच वेळ पेन टेकवून ठेवले आणि मग खाली सही केली. न वाचणाऱ्यांवर तिने आयुष्यभर दातओठ खाल्ले होते. आता तिने स्वतः एक असा कागद लिहिला होता, जो कोणी नीट वाचू नये अशीच तिची इच्छा होती. मार्चमध्ये भाऊरावांच्या आठवीला मान्यता मिळाली, आणि तपासणीच्या शेऱ्यात विद्यार्थ्यांच्या 'उत्स्फूर्त सहभागा'चा खास उल्लेख आला. मान्यतेचे ते पत्र मात्र आले त्याच दिवशी उघडले गेले. ते आता चौकटीत आहे.

पहिल्या मंगळवारी त्या खोलीत, लेझमींच्या ढिगाऱ्यामागे आणि फाटक्या गाद्यांवर, एकवीस मुले येऊन बसली. आपली नावे एका यादीत आहेत एवढेच त्यांना कळले होते, आणि यादीत नाव असणे म्हणजे काय हे त्यांना अनुभवाने माहीत होते, त्यामुळे खोलीत हूं की चूं नव्हते. शुभा पुढेच होती. जानकीने नवा दोरा बांधला होता, या खेपेस लाल, आणि डावा की उजवा हे विचारायचे तिच्या लक्षात राहिले नव्हते.

पेट्रिशियाने पिशवीतून काकणे काढून जमिनीवर मांडली. हिरवे, लाल, पिवळे.

"तुमच्यातल्या ज्यांना वाचता येत नाही," ती म्हणाली, "त्यांनी हात वर करा."

कोणी हलले नाही. मागच्या रांगेतल्या एका मुलाने दाराकडे पाहिले, तिथे सर उभे आहेत की काय म्हणून. सर नव्हते.

"कुठला हात, बाई?" शुभाने विचारले.

"कुठलाही."

मुलीने मनगटाकडे पाहिले नाही. तिने एक हात वर केला. मग मागचा मुलगा, मग त्याच्या शेजारची, मग एकेक करून सगळे. कोणाचे डावे होते, कोणाचे उजवे. पेट्रिशियाने ते मोजले नाहीत. खाली वाकून तिने हिरवे काकण उचलले.